किरकोळ कारणावरून

रविवार, ९ फेब्रुवारी

रविवार असून ऑफिसात. डेस्कवरचे दोघं लग्नाला गेले, तिसऱ्याला ताप, म्हणून सौरभ सरांना कात्रण विभागातल्या बाईची आठवण झाली. सौरभ सर म्हणजे आमचे संपादक. वय छत्तीस. मला नंदाताई म्हणतात आणि माझ्या खोलीकडे अडगळीकडे बघावं तसं बघतात. "ताई, सिटी पेजचं 'थोडक्यात' तेवढं करून टाका ना, प्लीज. यू आर द सीनियरमोस्ट." एकोणतीस वर्षं रोजचा पेपर कापून, तारीख घालून, विषयवार पाकिटांत भरला. आठ महिन्यांनी रिटायर होणार, तेव्हा कुठे सीनियरमोस्ट झाले.

'थोडक्यात' म्हणजे कडेच्या रकान्यातल्या चार-चार ओळींच्या बातम्या. पोलिसांची प्रेसनोट येते, तिचं मराठी माणसांसारखं करायचं, की झालं. सहा केल्या. मंडईत पाकीटमाराला पकडलं, खडकीत दुचाकी घसरली, असलंच सगळं. शेवटची हिंजवडीकडची होती. एका पीजीत ताट ठेवण्यावरून चोवीस वर्षांच्या मुलीला धक्काबुक्की, हात मोडला. नाव नव्हतं. बातमी अर्ध्या ओळीत संपत होती आणि पुढे पांढरं दिसत होतं. पान लावणारा म्हणाला, "ताई, एखाददुसरा शब्द वाढवा." मी 'ताट ठेवण्यावरून'चं 'ताट ठेवण्याच्या किरकोळ कारणावरून' केलं. ओळ बरोब्बर भरली. हजार वेळा वाचलेलं आहे, हात आपोआपच तिकडे गेला.

घरी येऊन भाकरी टाकल्या. टाकीच्या पाण्यावरून समाधानशी किरकोळ वाजलं. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दारूगोळा कारखान्यात इतकी वर्षं नोकरी करतोय, पण टाकी भरली की मोटर बंद करायची हे त्याला अजून शिकवावं लागतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

ती मुलगी आमची आम्रपाली आहे.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता परत घेतलंय.

अकरा वाजता समाधानचा फोन. त्याची पोरगी दोन दिवस मैत्रिणीच्या खोलीवर होती, घरी कळवलं नाही, का तर पप्पा रडतील. पप्पा रडलेच. आम्ही दोघं जाऊन तिला खडकीला घेऊन आलो. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. खडकीहून कंपनीत जायला-यायला रोजचे चार तास मोडतात म्हणून तिला तिथे पीजीत ठेवलं होतं. मीच ठेवलं होतं. बिल्डिंग बघितली, पाणी बघितलं, मालकीण सोजरबाई स्वतः स्वयंपाक करते म्हणून खूश होऊन आले होते. माणूस सोडून बाकी सगळं बघितलं मी.

तिने सांगितलं ते असं. जानेवारीत सोजरबाईने सगळ्या मुलींकडून आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या. हिच्यावर ओव्हाळ आडनाव वाचलं. मग हिला हळूच म्हणाली, तुझं ताट-वाटी गॅलरीत ठेवत जा, खूण पटायला लाल दोरा बांध. "आत्या, मी एक महिना ठेवलं गॅलरीत. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, काय इश्यू करायचा." शनिवारी तिने ताट घासलं आणि सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडणीत ठेवलं. सोजरबाईचा मुलगा ऋषी तिथे होता. त्याने ते काढून फेकलं. हिने उचलून परत ठेवलं. असं तीनदा. चौथ्यांदा त्याने ताट नाही फेकलं, हिला ढकललं. मोरीच्या कठड्यावर हात आपटला.

"पोलिसांना हे सगळं सांगितलंस?"

"नाही. ताटावरून भांडण झालं एवढंच बोलले. हात खूप दुखत होता. आणि आत्या, मला लाज वाटली."

लाज तिला वाटली. वा. बातमी कुणी लिहिली हे मी सांगितलं नाही. तिने पेपर पाहिलाय. म्हणाली, "तुमच्या पेपरमध्ये आलंय. किरकोळ म्हणे." मी म्हटलं, "डेस्कवर कोण कोण बसतात आजकाल." खोटं बोलले असं नाही, पण खरंही नाही. उद्या सांगेन.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सांगितलं नाही. ऑफिसात जाऊन कपाटं उघडली.

'किरकोळ' असा विषय आमच्याकडे नाही. खून, चोऱ्या, अपघात, हुंडा अशी पाकिटं. तरी दुपारपर्यंत टेबल भरलं. वरातीत गाणं लावण्याच्या किरकोळ कारणावरून तरुणाला मारहाण. हापशावर पाणी भरण्याच्या किरकोळ कारणावरून दोन गट भिडले. मिशीला पीळ देण्याच्या किरकोळ कारणावरून. भाजीत मीठ जास्त पडल्याच्या किरकोळ कारणावरून पत्नीचा खून. माहेरी जायचे म्हटल्याच्या किरकोळ कारणावरून पेटवले. जीव गेला तरी कारण किरकोळच. आणि भिडलेले दोन गट म्हणजे एका बाजूला अख्खी आळी आणि दुसरीकडे हंडा घेतलेली एक बाई, हे आतल्या चौथ्या ओळीत.

मग हट्टाला पेटून बाकीची पानंही काढली. अर्थपानावर किरकोळ महागाईचा दर, तो टक्क्यांत मोजलेला. बाजारभावात किरकोळ बाजारात कोथिंबीर, जुडीचा भाव दिलेला. पुढाऱ्याच्या गाडीला अपघात, किरकोळ दुखापत, ते डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं. बायकांच्या पुरवणीत त्वचेच्या किरकोळ तक्रारी, त्यांच्यावरसुद्धा अर्धं पान आणि चार उपाय. म्हणजे इतर सगळीकडे कुणीतरी मोजून, तपासून मग किरकोळ म्हणतं. गुन्ह्याच्या पानावर मात्र कुणालाच काही विचारायचं नसतं. आणि एक गोष्ट बघितली, दोनदा तपासली. ज्याने मार खाल्ला त्याच्या तोंडी हा शब्द एकाही कात्रणात नाही. मारणाऱ्याच्या वकिलाच्या तोंडी आहे, गावच्या पुढाऱ्याच्या तोंडी आहे, आणि आमच्या तोंडी तर कायमचाच.

सगळ्यात खालच्या कप्प्यात एक जुनं, फुगलेलं पाकीट सापडलं. वर विषय लिहिलाय, 'किरकोळ हाणामाऱ्या'. अक्षर माझं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षातलं, सुबक. तेव्हा मला अक्षरासाठी शाबासकी मिळायची.

टेबलावरची कात्रणंही त्यातच भरून पाकीट बाजूला काढून ठेवलंय. आज घरी आल्यावरही मला सांगवलं नाही. भित्री आहेस, नंदा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज सोजरबाई घरी आली. मी अर्धा दिवस रजा टाकली होती, आम्रपाली आत झोपली होती, समाधान कामावर.

साठीची बाई. डोक्यावर पदर, पायांत गोळे आलेले, बसताना कण्हली. बरोबर वांग्यांची पिशवी. ज्या जमिनीत वांगी व्हायची तिथे आता हिची बिल्डिंग उभी आहे, वांगी विकतचीच असणार. पोराचं लग्न मे महिन्यात ठरलंय, हे आधी सांगितलं. मग डोळ्यांना पदर लावला.

"पोरगं तापट हाय, ताई. पर मनात काय न्हाय त्याच्या. ताट भाईर ठिवाया म्याच सांगितलं. दुसऱ्या पोरींच्या आया फोनवर इचारत्यात, कोन कोन हाय तुमच्याकडं म्हून. म्या काय करू? धंदा हाय."

"त्यांना सांगायचं, माणसं आहेत."

"आवं, तुमी शिकल्याल्या. आमाला असं बोलाया येत न्हाय." मग कमरेची पिशवी सोडली आणि प्लॅस्टिकच्या कव्हरातलं कात्रण माझ्यासमोर धरलं. कापलेलंही वेडंवाकडं, तारीख नाही. "वकील म्हनला, जपून ठिवा, कामाला येईल. ह्ये बगा. किरकोळ. म्या न्हाय म्हनत, तुमच्याच पेपरात छापलंय. किरकोळ गोष्टीपायी कशाला केस वाढवायची? पोरीनं लिवून द्यावं, गैरसमज झाला म्हून."

माझ्या शब्दाला तिने प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. बोलायचं नव्हतं ते बोलले. "सोजरबाई, हा शब्द मी घातलाय. ओळ भरत नव्हती म्हणून. मला काहीही माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही."

तिने कात्रण परत पिशवीत घातलं. मग म्हणाली, "मंग तर झालंच की. तुमीच म्हनताय."

मागे बघितलं तर आम्रपाली दारात. किती वेळ उभी होती कोण जाणे. आत वळली, कडी लावली.

सोजरबाईला मी म्हटलं, "मीच म्हणाले होते. आता मीच म्हणते, मी खोटं लिहिलं, आणि जिथे लिहिलं तिथेच दुरुस्त करणार. तुमच्या वकिलाला ते कात्रण जपून ठेवू दे, मी त्याला दुसरं देते. चहा ठेवते, घेऊन जा. आमच्यात सगळे कप एकाच मांडणीत असतात."

तिला गुरुवारचा उपास होता म्हणे. उपासाला चहा चालत नाही हे मला आजच कळलं. वांगीही परत दिली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आम्रपाली माझ्याशी बोलत नाही. समाधान बोलतो, तेही टाकीचं. त्याला तिने सांगितलेलं दिसतंय. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "ताई, तू तरी." वाक्य पुरं नाही केलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सौरभ सरांकडे गेले. दुरुस्तीचा मजकूर लिहून नेला होता. त्यांनी वाचला, खुर्चीत मागे रेलले. "नंदाताई, आय टोटली अंडरस्टँड. पण रेकॉर्डवर कास्ट अँगल नाहीये. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केलीय. आणि दुरुस्ती आपण फॅक्ट चुकला तर देतो. किरकोळ हे काय फॅक्ट आहे का?"

"फॅक्ट नाही ना? मग बातमीत काय करत होतं?"

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी पाकीट टेबलावर उपडं केलं. कात्रणं लॅपटॉपवर पसरली, दोन कॉफीत पडली. म्हटलं, वाचा. मोठ्याने वाचा. त्यांनी दोन वाचली, तिसरं मनात वाचलं. मग बराच वेळ शोधत राहिले आणि एक उचलून माझ्यासमोर धरलं. खाली बातमीदार म्हणून त्यांचं नाव होतं, नवीन लागले होते तेव्हाचं. तेच मिठाच्या भाजीचं.

"मुलगी स्वतःच्या नावाने सांगत असेल तर तिचं म्हणणं म्हणून छापता येईल," शेवटी म्हणाले. "पण तुमचं नाव नको, ताई. एचआर विचारेल. आठ महिने राहिलेत, कशाला?"

"पाकीटमाराचं नाव आपण छापलं. माझं का नको?"

सोमवारपर्यंत विचार करा म्हणाले. मी म्हटलं, विचार रविवारी करायला हवा होता, तो राहिलाय. उद्या मजकूर देते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी कात्रण विभागाच्या दारात आम्रपाली. रिक्षाने एकटी आली. "ते पाकीट बघायचंय," एवढंच. मी खुर्ची दिली. डाव्या हाताने एकेक कात्रण उलटत तासभर वाचत बसली. मी टेबलाच्या ड्रॉवरमधून माझा स्टीलचा कप काढला, खाली जाऊन चहा भरून आणला, तिला दिला.

"हा कप इथे का असतो? कँटीनमध्ये कप नाहीत?"

सांगितलं. लागले त्या आठवड्यात तेव्हाच्या शिपायाने म्हटलं होतं, बाई, तुमचा तुम्ही आणत जा, बरं पडेल. आणला. तो माणूस रिटायर होऊन, वारूनही किती वर्षं झाली. मला माझाच कप बरा वाटतो, स्वच्छ असतो. एवढ्याशा गोष्टीत काय आहे. ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मी विषयच बदलला. चहा तिने सगळा प्यायला. कप मात्र परत द्यायला तयार नव्हती, हातात धरून बसली. या पोरींचं काही कळत नाही.

मग दुरुस्तीचा मजकूर मागितला. मी एका पानाचा लिहिला होता. माझी चूक, माझी बेफिकिरी, माझी इतक्या वर्षांची सवय, मला झालेला पश्चात्ताप. तिने वाचला.

"आत्या, यात तूच तू आहेस. माझं ताट कुठंय?"

कानफटात मारल्यासारखं झालं. पण बरोबर बोलली. तिने माझा लाल पेन डाव्या हातात धरला आणि वरपासून खालपर्यंत काट मारली. वाकडी, पण ठाम. मग म्हणाली, "लिही." मी लिहून घेतलं. मध्ये एकदा सवयीने 'एका तरुणीने' लिहिलं. तिने थांबवलं. "नाव घाल. मी काय चोरी केलीय?"

"पेपरात नाव आलं की कंपनीत कळेल. लोक बोलतील."

"पीजीत सगळ्यांना आधीच माहितीये, आत्या. त्याशिवाय का ताट गॅलरीत होतं? फक्त मी बोलत नव्हते."

आज ती आणि मी एका बसने घरी आलो. बोलणं फारसं नाही. पण खिडकी तिने मला दिली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आलं. पान पाच, गाद्यांच्या जाहिरातीच्या वर. सौरभ सरांनी एक शब्द बदलला नाही. चिकटवून ठेवते:

*दुरुस्ती. ताट ठेवण्याच्या किरकोळ कारणावरून तरुणीला धक्काबुक्की झाल्याचे वृत्त १० फेब्रुवारीच्या अंकात प्रसिद्ध झाले. त्या तरुणीचे, आम्रपाली समाधान ओव्हाळ यांचे म्हणणे असे : "मी बौद्ध असल्याचे कळल्यावर मला माझे ताट गॅलरीत ठेवायला सांगण्यात आले. मी ते सर्वांच्या ताटांबरोबर ठेवले, म्हणून मला मारले. मी तिथे पैसे भरून जेवत होते. पैसे भरले नसते तरी ताट मी तिथेच ठेवले असते." 'किरकोळ' हा शब्द पोलिसांच्या माहितीत नव्हता. तो बातमी लिहिणाऱ्या नंदा ओव्हाळ यांनी कोणालाही न विचारता घातला होता.*

दहा वाजता एचआरचं पत्र आलं, खुलासा द्या. दिला. "छापलेलं खरं आहे. आणखी काही विचारायचं असल्यास कात्रण विभागात या, लिफ्ट बंद आहे." डेस्कवरच्या दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तिसरा, तापातून उठलेला, येऊन हळूच म्हणाला, ताई, कालच्या एका बातमीतून मी तो शब्द काढला, ओळ कमी पडली तर पांढरं सोडलं. मी म्हटलं, सोड. पांढऱ्याने कुणी मरत नाही.

भीती वाटतेय. लिहून ठेवते, वाटतेय. पेन्शनचीही वाटते आणि त्या ऋषीचीही. समाधान रात्रपाळी बदलून घरी झोपायला लागलाय. मोटर वेळेवर बंद करतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काल पोलिसांकडे पुरवणी जबाब झाला. आम्ही तिघं गेलो. समाधानने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाहेर बाकड्यावर सोजरबाई आणि तिचा वकील आधीच बसलेले. तिच्या मांडीवर तीच कमरेची पिशवी. वकिलाच्या हातात आमचा सोमवारचा पेपर, पान पाच वर घडी घातलेलं. सोजरबाईने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याबद्दल मला राग राहिलेला नाही असं लिहिणार होते. राहिलाय.

फौजदार पन्नाशीचे, शांत. म्हणाले, तुम्ही सांगा, मी लिहितो, घाई नाही. आम्रपालीने पहिल्यापासून सांगितलं. आधारची झेरॉक्स, लाल दोरा, गॅलरी, एक महिना. लाल दोऱ्याशी आवाज फाटला. समाधान उठायला लागला, तिने हातानेच बस म्हटलं आणि पुढे सांगितलं. ते टाइप करत होते. एका ठिकाणी बोटं थांबली. "कारण काय लिहू? वादाचं कारण?"

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मिटलं.

"वाद नव्हता, साहेब. मी माझं ताट ठेवलं. त्यांना ते ताट माझं होतं म्हणून चाललं नाही. माझी जात लिहा, माझं म्हणणं जसंच्या तसं लिहा. आणि मला वाचून दाखवा."

त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. कलमं आता वाढतील म्हणाले, वरच्या अधिकाऱ्यांकडे तपास जाईल, वेळ लागेल, तुमच्यावर दबाव येईल. तयार आहात का? ती हो म्हणाली. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण समाधानही हो म्हणाला, मोठ्याने.

तीन पानं छापून आली. सही करायला तिने पेन उचलला तो उजव्या हाताने, सवयीने. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली बोटं पेनाभोवती मिटेनात. फौजदारांनी बघितलं आणि चांगल्या मनाने, अगदी चांगल्याच मनाने, शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला. "हात दुखवू नका. अंगठा दिला तरी चालतं."

तिने पॅड परत त्यांच्याकडे सरकवला. पेन डाव्या हातात घेतला. समाधानने कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. बालवाडीतल्या पोरासारखी एकेक अक्षर काढत होती, ओव्हाळमधल्या ळ ला तर दोनदा अडली. बाहेर कुणीतरी खोळंबलं होतं, हवालदार दोनदा डोकावून गेला. फौजदारांनी त्याला थांबायला सांगितलं. तिन्ही पानांवर तिने पूर्ण नाव लिहिलं.